पंढरीचा नामा, घुमानचा बाबा

आषाढी एकादशीच्या या पुण्यदिनी चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा जमला असता आमचे मन महाद्वारातील पायरीपाशी घुटमळते. ती पायरी संतशिरोमणी नामदेवांची. पंढरी सोडावयाची म्हटले की ज्यांचा जीव कासावीस होई, तेच नामदेव उत्तरायुष्यात सुमारे दोन दशके दूर पंजाबात राहिले, असे परंपरा सांगते. परमुलखी राहणाऱ्याने आपले दैवत कसे सांभाळावे, याचे उत्तर आम्हांस या चरित्रात सापडते.

इ.स. १२७०, शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी आणि गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी. बाळपणी नैवेद्य घेऊन देवळात गेलेल्या नामयाने देवाला जेवावयास लावले, ही कथा आपल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. विठ्ठल त्यांचा सखा होता. पण तो पंढरीच्याच विटेवर भेटतो, अशी त्यांची भोळी समजूत होती. म्हणूनच ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेस सोबत येण्याचा आग्रह धरला, तेव्हा राऊळाचा निरोप घेताना त्यांचा कंठ दाटून आला.

संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, तो शिवपिंडीवर पाय ठेवून विसोबा निजलेले! पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंडी दिसू लागली. देव नाही अशी जागाच नाही, हा बोध तेथे झाला. आमच्या मते पंजाबची वाट त्याच क्षणी मोकळी झाली. कारण देव एकाच ठिकाणी आहे असे मानणाऱ्याला परदेशी पोरकेपणच वाट्याला येते.

इ.स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. तो सोहळा नामदेवांनी डोळ्यांनी पाहिला आणि अभंगांतून सांगितला. मागोमाग सारी भावंडे गेली. पुढे नामदेव भागवतधर्माची पताका घेऊन उत्तरेकडे निघाले आणि अखेर पंजाबात बटाल्याजवळच्या घुमान गावी स्थिरावले. भाषा निराळी, अन्न निराळे, रीतिभाती निराळ्या. सभोवती मराठी बोलणारे कोण असणार? नामदेवांनी त्या लोकांचीच बोली जवळ केली. राम, हरी, गोविंद ही नामे तर त्यांच्या पदांत आहेतच. एका पदात करीम आणि रहीम ही नामेही येतात. पण विठ्ठल सुटला नाही. तो तेथे बीठल होऊन राहिला. हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले गेल्याचे शल्य आणि भक्तासाठी फिरलेले देऊळ, हेही त्यांनी त्या नव्या बोलीत गाइले.

परक्यांनी त्यांना परके मानले नाही. बोहरदास, जल्लो, लद्धा यांसारखे शिष्य लाभले. इ.स. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची वाणी समाविष्ट झाली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शिवणकाम व कापडछपाई करणारा तेथील छिंबा समाज त्यांना परमपूज्य मानतो. त्यात शीख आहेत, तसे हिंदूही. घुमानला माघात बाबा नामदेवांची यात्रा भरते. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले आणि महाराष्ट्राने आपल्या या सुपुत्राच्या दुसऱ्या घराला वंदन केले.

वारकरी परंपरेनुसार शके १२७२, म्हणजे इ.स. १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेव पंढरीच्या महाद्वारी समाधिस्थ झाले. पंजाबातील भाविक ती समाधी घुमानला मानतात. या दोन श्रद्धांचा वाद घालावा, असे आम्हांस वाटत नाही. दोन प्रांतांनी ज्याला आपल्याच मातीत विसावलेला मानावे, असे भाग्य कितीजणांस लाभते?

आज कितीतरी मराठी कुटुंबे पोटासाठी परप्रांती आणि सातासमुद्रापार राहतात. मुले परकी भाषा बोलू लागली की वडीलधाऱ्यांच्या मनात आपला धर्म, आपले मराठीपण टिकेल ना, ही धास्ती उभी राहते. अशा घरांनी आज देवापुढे समई लावताना नामदेवांचे स्मरण करावे. शेजाऱ्याची बोली शिकल्याने त्यांचा विठ्ठल दुरावला नाही. उलट विठ्ठलाचे आणखी एक माहेर वसले.