चष्मेवाल्या कवीचा पेटारा

गावाकडच्या घराचं रिडेव्हलपमेंट ठरलंय, किंवा आजीची खोली रिकामी करायचीय. माळ्यावरून एक जुनी लाकडी पेटी खाली येते. कडी गंजलेली, झाकण अर्धवट उघडणारं. घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते भंगारात द्या, दुसरी म्हणते राहू दे. तुम्ही कोणत्या पार्टीत? उत्तर द्यायच्या आधी एका माणसाची गोष्ट वाचा. अशा प्रत्येक वेळी ‘राहू दे’ म्हणत म्हणत त्यानं अख्खं संग्रहालय उभं केलं.

या माणसाचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्यात सगळे त्यांना काकासाहेब म्हणायचे. बाजीराव रोडजवळ नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे ना, ते त्यांचं. शाळेच्या सहलीत तुम्ही कदाचित रांगेत, बाईंचा ओरडा खात ते पाहिलंही असेल. पण नावातला ‘राजा’ कोण, हे तेव्हा कुणी सांगितलं होतं का? तिकडे येतेच.

कवी, दुकानदार आणि पिशवी

काकासाहेबांचा जन्म १८९६ चा. म्हणजे टिळक-आगरकरांच्या पुण्यातल्या वाड्यांचं वैभव अजून पूर्ण ओसरलेलं नव्हतं. ते कविता करायचे, ‘अज्ञातवासी’ या टोपणनावानं. इतिहासाचं वेड होतं. पण कवितेवर घर चालत नाही, हे तेव्हाही खरं होतं. त्यांचा व्यवसाय होता चष्म्यांचा. आता बघा, दिवसभर लोकांची नजर सुधारायची आणि उरलेल्या वेळात, इतरांच्या नजरेतून सुटलेलं शोधायचं!

साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. इतिहासाच्या ओढीनं जुन्या घराण्यांकडे जाणं-येणं होतंच. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. तलवारी आणि सनदा लोक जपून ठेवतात, पण अडकित्ता, दिवा, पानाचा डबा, दौत, फणी या वस्तूंना कुणी विचारत नाही. घरात काचेचा कंदील आला की पितळी समई अडगळीत. स्टील आलं की तांब्या-पितळेची भांडी मोडीत. हे सगळं वितळून जायच्या आत वाचवायचं, असं त्यांनी घेतलं मनावर.

मग सुरू झाली भटकंती. महाराष्ट्रात, पुढे गुजरात, राजस्थान, पार दक्षिणेपर्यंत. पत्नी कमलाबाई या सगळ्या उद्योगात बरोबरीनं होत्या. जरा कल्पना करा. घरात पाहुण्यांना बसायला जागा कमी आणि दिवे, दरवाजे, मूर्ती, वाद्यं जास्त! मध्यमवर्गीय घरातला पैसा अशा ‘जुनाट’ सामानावर जातोय म्हटल्यावर एका माणसाच्या वेडावर हे काम सत्तर वर्षं टिकणं अवघड होतं. ते दोघांचं होतं.

राजा कोण होता?

राजा हा त्यांचा मुलगा. वयाच्या सातव्या वर्षी तो गेला.

पुढे संग्रहालयाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा काकासाहेबांनी स्वतःचं नाही, त्या मुलाचं नाव पुढे ठेवलं. एवढं कळल्यावर तिथल्या वस्तूंकडे बघायची नजर बदलते. तिथे पाळणे, खेळणी, बाहुल्या, कुंच्या-टोपड्यांसारख्या रोजच्या घरातल्या वस्तू आहेत, ज्यांच्या मागे कुणाचं तरी साधं, चालतं-बोलतं घर होतं. माणूस राहत नाही, त्यानं हाताळलेली वस्तू राहू शकते. काकासाहेबांनी ती राहावी म्हणून आयुष्य घातलं.

१९६० पर्यंत संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या आसपास पोचला. १९६२ मध्ये संग्रहालयाला रीतसर रूप आलं. आणि १९७५ मध्ये त्यांनी हे सगळं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. विकलं असतं तर काय किंमत आली असती, हा हिशोब तुम्हीच करा. पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. १९९० मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आज संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यातल्या अडीचेक हजारच मांडता येतात.

लाकूड काय सांगतं?

आता परत आपल्या पेटीकडे. संग्रहालयात कोरीव दरवाजे, खिडक्या, पेट्या, डबे निवांत बघा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून इथे उभा केलेला महालही बघा. एक गोष्ट लक्षात येईल. आपल्या जुन्या घरांत उभं कपाट फारसं नव्हतंच. सामान भिंतीत राहायचं, म्हणजे कोनाड्यात किंवा फडताळात. नाहीतर जमिनीवर, म्हणजे पेटीत, संदुकीत, पेटाऱ्यात. ‘कपाट’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच मुळी दार! आणि ‘अलमारी’ आली पोर्तुगीजांकडून. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘पेशवेकालीन वॉर्डरोब’ विकायला लागलं, तर आधी हसून घ्या.

पहिल्या पगारातून रूमसाठी जुनी पेटी किंवा छोटं कपाट घ्यायचा विचार असेल, तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहेच. जाताना हे डोक्यात ठेवा:

● आधी मागची आणि खालची बाजू बघा. पुढून पॉलिश कुणीही मारतं. जुन्या कामात मागच्या फळ्या खरबरीत, थोड्या कमी-जास्त रुंदीच्या असतात. मागे गुळगुळीत प्लायवूड दिसलं तर एक तर वस्तू नवी आहे, नाहीतर पाठ बदललीय.

● खण बाहेर काढा. कोपऱ्यात दोन फळ्या बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या अडकवल्यात का? हातानं केलेल्या जोडात प्रत्येक दात किंचित वेगळा असतो. सगळे अगदी एकसारखे असतील तर ते मशीनचं काम.

● झीज कुठे आहे ते बघा. खरी झीज हात लागतो तिथेच होते: कडीभोवती, झाकणाच्या कडेला, तळाशी. सगळीकडे सारखे ओरखडे असतील तर कुणीतरी मुद्दाम ‘जुनं’ केलंय.

● बारीक भोकं आणि खाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर कीड अजून जिवंत आहे. कितीही आवडली तरी तशी घरी आणू नका, बाकीचं लाकूडही जाईल.

● बिजागरीशेजारी जुन्या स्क्रूची रिकामी भोकं दिसली तर विचारा. बिजागरी बदललेली असणं हा गुन्हा नाही, पण मग किंमत ‘ओरिजिनल’ची देऊ नका.

● पितळ घासून चकचकीत करायची घाई नको. जुना रंग एकदा गेला की परत येत नाही.

आणि कायद्याचं एक. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी शिकायला जाताना पणजीचा कोरीव डबा बॅगेत टाकण्याआधी चौकशी करा.

पण खरं सांगू? सगळ्यात चांगली पेटी बहुतेक तुमच्याच घरी आहे. ती कुणी केली, कुणाच्या लग्नात आली, आत काय ठेवायचे, हे आज आजीला विचारलंत तर कळेल. एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि झाकणाच्या आत ठेवून द्या. गोष्ट गेली की मागे उरतं ते फक्त लाकूड, आणि लाकडाचा भाव भंगारवाला किलोवर लावतो. काकासाहेबांना वीस हजार वस्तू सांभाळाव्या लागल्या. तुमच्या वाट्याला एकच आलीय.