खंडोबाचे निस्सीम भक्त सुभेदार मल्हारराव होळकर

श्रीक्षेत्र जेजुरीच्या गडावरील दगडी ओवऱ्या व तटबंदी पाहताना भाविकांच्या मुखी होळकरांचे नाव सहजच येते. या घराण्याचे राज्यसंस्थापक सुभेदार मल्हारराव यांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीरा नदीकाठच्या होळ या गावी धनगर कुळात झाला. होळचे म्हणून होळकर. कुलदैवत श्रीखंडोबा, त्याचेच मल्हार हे नाव बाळास लाभले.

बाळ अवघे तीन वर्षांचे असताना वडील खंडूजी निवर्तले. मातोश्री त्यांना घेऊन खानदेशात तळोदे येथे बंधू भोजराज बारगळ यांच्या आश्रयास आल्या. मामांची मेंढरे राखण्याचे काम मल्हाररावांकडे आले. रानात निजलेल्या या बालकावर नागाने फणा धरून सावली केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. चरित्रे बहुधा एवढे सांगून लढायांकडे वळतात. परंतु त्या रानात थोडे थांबणे उचित होईल.

मेंढपाळी हा दैन्याचा धंदा, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दख्खनच्या पठारावर पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. तेथील माळ नांगरास फारसे देत नाही, मात्र गवतास पुरेसा असतो. पावसाळ्यात कळप या माळावर राहतात आणि दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे किंवा नदीकाठच्या शिवारांत उतरतात. पीक निघालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसविल्या जातात. लेंड्या व मूत्र खुरांखाली तुडवले जाऊन मातीत मिसळते आणि शेतकरी त्याबदली धान्य देतो. कळप पुढे सरकत राहिल्याने गवताची मुळे शाबूत राहतात व पुढील पावसात माळ पुन्हा हिरवा होतो. बाभळीच्या शेंगा मेंढरे आवडीने खातात. त्यांतील बी लेंड्यांवाटे दूरवर जाऊन रुजते. एकाच जागी अति चराई झाल्यास हाच माळ उजाड होतो, हेही खरे. म्हणून चालत राहणे हाच या व्यवसायाचा पहिला नियम होय.

दख्खनी मेंढीची काळी, जाडीभरडी लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून सूत काढतात, सनगर मागावर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. तीच धनगराची छत्री, तेच अंथरूण.

पाणी, गवत व वाटा यांची पारख ज्यास बालपणीच झाली, तो थोड्या सामानानिशी दूरवर मजल मारणारा घोडेस्वार झाला, यात आम्हांस नवल वाटत नाही. मामा भोजराज हे सरदार कदमबांडे यांच्या पदरी घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. त्यात मल्हारराव दाखल झाले. १७१७ मध्ये मामेबहीण गौतमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या सेवेत आले. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत त्यांनी पराक्रम गाजविला व नंतर माळव्यात इंदूरच्या होळकर राज्याचा पाया घातला. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात एकुलते पुत्र खंडेराव पडले. हा घाव सोसून त्यांनी सून अहिल्याबाईंना सती जाण्यापासून परावृत्त केले व राज्यकारभार शिकविला. १७६१ मध्ये पानिपतच्या रणातून ते माघारी परतले. त्याबद्दल त्यांना बोल लावला गेला व इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री आहे.

ज्या माळांच्या प्रदेशात या घराण्याचे मूळ आहे, तेथे आजही कळप दिसतात. परंतु गायराने आक्रसली, वाहत्या रस्त्यांनी जुन्या वाटा अडविल्या आणि गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटपुढे घोंगडीचे गिऱ्हाईक घटले. अनेक ठिकाणी कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. मेंढीची निगा मात्र तितकीच करावी लागते.

अहिल्याबाईंनी सासूसासऱ्यांच्या स्मरणार्थ जेजुरीत मल्हारगौतमेश्वराचे मंदिर बांधले. गडावरून उतरल्यावर भाविकांनी त्याचेही दर्शन अवश्य घ्यावे. वाटेत कळप आडवा आल्यास वाहन थांबवून त्यास आधी जाऊ द्यावे, ही नम्र विनंती.