प्रज्ञाचक्षू श्री संत गुलाबराव महाराज

आपल्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची ही स्मरणिका निघत असताना आपल्याच वऱ्हाडच्या मातीतील एका थोर विभूतीचे स्मरण करावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

श्री गुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. वडिलांचे नाव गोंदुजी मोहोड, आईचे नाव अलोकाबाई. मूळ गाव चांदूर बाजारजवळचे माधान. घराणे कुणब्याचे, शेतीभातीचे. बाळ जेमतेम आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळे आले. औषध घातले ते चुकीचे ठरले आणि दृष्टी कायमची गेली. चार वर्षांचे झाले नाही तोच आईचे छत्रही हरपले. मग आजीने नातवाला पदरात घेतले व आजोळीच सांभाळले.

वाचकहो, त्या काळी खेड्यातील आंधळ्या, आईविना पोराचे भवितव्य काय असणार, हे कोणी सांगावयास नको. एखाद्या ओट्यावर बसून जन्म काढावा, एवढेच लोक समजत. परंतु या मुलाची स्मरणशक्ती अशी विलक्षण, की एकदा ऐकलेले मनात कोरले जाई. स्वतः अक्षर पाहता येत नव्हते. म्हणून जो भेटेल त्याच्याकडून ग्रंथ वाचून घ्यावेत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. वेद, उपनिषदे, सांख्य, आयुर्वेद, संगीत एवढ्यावर ते थांबले नाहीत. डार्विन व स्पेन्सर या पाश्चात्त्य पंडितांची मतेही त्यांनी समजून घेतली व त्यांवर आपले विचार मांडले.

सन १८९६ मध्ये त्यांचा विवाह झाला. सन १९०१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या श्री ज्ञानेश्वर माउलींनी आपणांस दर्शन देऊन स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची निष्ठा होती. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. श्रीकृष्णाला पती मानून कुंकू व मंगळसूत्र धारण करू लागले. लोकांनी नावे ठेवली, पण ते डगमगले नाहीत. ज्ञान आणि प्रेमभक्ती यांची सांगड घालणारे त्यांचे तत्त्वज्ञान मधुराद्वैत या नावाने ओळखले जाते.

मराठी, हिंदी, व्रज व संस्कृत भाषांत त्यांची ग्रंथसंपदा सव्वाशेहून अधिक भरते. त्यातील एकही ओळ त्यांना स्वतः वाचता आली नाही. त्यांनी सांगावे आणि शिष्यांनी लिहून घ्यावे. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय अवघे चौतीस वर्षांचे होते. पुढे बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांचे कार्य चालविले.

देवाने ज्ञान देण्यासाठीच डोळे नेले, असे पुष्कळजण म्हणतात. माझ्या अल्पमतीला हे पटत नाही. डोळे चुकीच्या औषधाने गेले. अशा प्रसंगी देवावर भार टाकून बसू नये, लेकराला वेळेवर चांगल्या डॉक्टरकडे न्यावे. मग देवाचे कार्य कोठे दिसते? मला ते आजीच्या हातांत दिसते. मोठमोठे ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांच्या गळ्यात दिसते. टाकाने लिहून घेणाऱ्यांच्या बोटांत दिसते. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. आम्ही दप्तरातील माणसे सही करणाऱ्याचे नाव पाहतो; मसुदा कोणी केला हे कागदावर येत नाही. देवाचाही कारभार असाच चालत असावा.

यंदा पाऊस येईल का, कपाशीला भाव मिळेल का, संत्र्याचा बहार टिकेल का, या चिंतेत आपल्या वऱ्हाडातील कितीतरी घरे दिवे मालवून जागी असतात. त्यांनी महाराजांचे चरित्र जरूर ऐकावे. सगळीकडे अंधार असतानाही कोणीतरी आपल्यासाठी काही करीत असते, ही श्रद्धा सोडू नये. आणि शेजारच्या घरासाठी ते करणारा कोणीतरी आपणही व्हावे. जीर्णोद्धारात पायात गेलेला दगड उद्या कोणास दिसणार नाही, पण कळस त्याच्याच भरवशावर उभा राहील.

इति शुभं भवतु.