केशवराव भोसले आणि कोल्हापूरचे नाट्यगृह

ज्या काळी नभोवाणीचा जन्म व्हायचा होता आणि ग्रामोफोन ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती, त्या काळी महाराष्ट्रातील सामान्य माणसाला गाणे मिळे ते नाटकाच्या तिकिटावर. नाट्यसंगीत हेच त्या पिढीचे लोकप्रिय संगीत होते. ते लोकप्रिय करणाऱ्या गायक-नटांत केशवराव भोसले यांचे स्थान फार वरचे आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र लवकर हरपले आणि घरच्या दारिद्र्यामुळे अगदी कोवळ्या वयात त्यांना स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल व्हावे लागले. शाळेचे तोंड पाहण्याच्या वयात ते रंगभूमीवर उभे राहिले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. पदरी भांडवल असे नव्हतेच. होता तो गळा आणि सोबत्यांचा विश्वास. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाच्या तालमीने त्या गळ्याला शास्त्राची बैठक मिळाली. नाटकांची निवडही चाकोरीबाहेरची होती. हुंड्याच्या रूढीवर प्रहार करणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनीच रंगभूमीवर आणले.

याच सुमारास, १९१३ ते १९१५ या काळात, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच ‘पॅलेस थिएटर’ उभारले. मल्लविद्या आणि गायन या दोहोंना शेजारीशेजारी जागा देणारा असा राज्यकर्ता विरळाच.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले होते. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक राष्ट्रकार्यासाठी एका रंगमंचावर आले, हे त्या प्रयोगाचे खरे मोल. परंतु तीन महिने उलटण्यापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय होते एकतीस. बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’ चालविली. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला यथावकाश केशवरावांचे नाव देण्यात आले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. नगरवासी हळहळले, पुनर्बांधणीसाठी शासनाने निधी जाहीर केला. हे योग्यच झाले. परंतु येथे अर्थशास्त्राचा एक साधा प्रश्न उपस्थित होतो. नाट्यगृह ही वास्तू भाड्याच्या उत्पन्नावर स्वतःचा खर्च क्वचितच भागवू शकते. तिचा लाभ तिकीट काढणाऱ्यापुरता मर्यादित नसतो. तो साऱ्या नगराच्या अभिरुचीत विखुरलेला असतो. म्हणूनच पूर्वी तो भार संस्थानिकाने उचलला आणि आज तो नगरपालिकांनी व महापालिकांनी उचलावयाचा असतो. दुर्दैव असे की, अंदाजपत्रकात नव्या बांधकामाला मान असतो, देखभालीला नसतो. कोनशिलेवर नाव कोरता येते. दुरुस्त केलेल्या वीजतारांवर ते कोरता येत नाही. गावोगावच्या नाट्यगृहांची गळकी छपरे आणि मोडक्या खुर्च्या याचीच साक्ष देतात.

केशवरावांनी पैसा नसताना संस्था उभी केली. शाहू महाराजांनी गाणाऱ्याला छप्पर दिले. पहिली गोष्ट प्रतिभेच्या बळावर होते, ती कोणत्याही शासनाच्या हाती नाही. दुसरी मात्र निव्वळ तरतुदीची आणि नियमित देखरेखीची बाब आहे. जळालेली वास्तू पुन्हा उभी करणे हे कर्तव्यच होय. पण महाराष्ट्रातील प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाच्या देखभालीसाठी दरवर्षी वेगळी आणि अन्यत्र न वळविता येणारी रक्कम राखून ठेवणे, हेच केशवरावांचे अधिक टिकाऊ स्मारक ठरेल.