एडगर कॉड

एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, १९२३ - १८ एप्रिल, २००३) हे ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले संगणकशास्त्रज्ञ होते. माहिती परस्परांशी नाते असलेल्या साध्या तक्त्यांत मांडावी, हा रिलेशनल डेटाबेसचा सिद्धान्त त्यांनी १९७० मध्ये मांडला. बँकेतील खाती, रेल्वेचे आरक्षण, वीजबिले अशा असंख्य नोंदी आज याच पद्धतीने ठेवल्या जातात.

जीवन

कॉड यांचा जन्म इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते धाकटे होते. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता, तर आई शाळेत शिकवीत असे. ऑक्सफर्डच्या एक्झिटर महाविद्यालयात त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे अध्ययन केले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते अमेरिकेत गेले व पुढे आयबीएम कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. सिनेटर मॅकार्थी यांनी चालविलेल्या साम्यवादविरोधी छळसत्राला विटून १९५३ मध्ये ते कॅनडात निघून गेले आणि काही वर्षांनी परतले. चाळिशीत असताना, १९६५ मध्ये, त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

सिद्धान्त

त्या काळी संगणकातील नोंदी एकमेकींना दुव्यांनी बांधलेल्या असत. आयबीएमच्या आयएमएस प्रणालीत त्यांची रचना वंशवृक्षासारखी होती. हवी ती नोंद शोधायची तर तिच्यापर्यंतची वाट प्रोग्रॅमरला ठाऊक असावी लागे आणि रचना बदलली की प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कॉड यांनी ही वाट दाखविण्याची गरजच काढून टाकली. गणितातील संचसिद्धान्ताचा आधार घेऊन त्यांनी सांगितले, की सर्व माहिती ओळी व स्तंभ असलेल्या तक्त्यांत असावी आणि दोन तक्त्यांतील नाते केवळ समान मूल्यावरून ओळखता यावे.

हा विचार वाटतो तितका परका नाही. शीव कोळीवाड्यातील एखाद्या शाळेचे ग्रंथालय डोळ्यांसमोर आणावे. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात प्रत्येकाचा जनरल रजिस्टर क्रमांक असतो. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असू शकतात, पण हा क्रमांक दोघांचा सारखा नसतो. अशा क्रमांकाला प्रायमरी की म्हणतात. पुस्तकांच्या तक्त्यात हेच काम दाखल क्रमांक करतो. एक विद्यार्थी अनेक पुस्तके नेतो आणि एक पुस्तक कालांतराने अनेकांच्या हाती जाते. हे नाते पहिल्या दोन तक्त्यांपैकी कोणत्याही एकात नीट मावत नाही. त्यासाठी देवघेवीचा तिसरा तक्ता करावा लागतो. त्यात विद्यार्थ्याचे नाव किंवा पुस्तकाचे शीर्षक पुन्हा लिहायचे नसते. रजिस्टर क्रमांक, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख व परतीची तारीख एवढेच पुरते. यातील दोन्ही क्रमांक दुसऱ्या तक्त्यांकडे बोट दाखवितात, म्हणून त्यांना फॉरेन की असे नाव आहे. पुस्तकांच्या तक्त्यात नसलेला दाखल क्रमांक देवघेवीत येऊ न देणे ही डेटाबेसची जबाबदारी असते.

एकच माहिती अनेक जागी लिहिण्यातला धोका याच परिसरातील रेल्वे स्थानकावरून कळतो. हार्बर मार्गावरील कोळीवाडा स्थानकाचे नाव पुढे गुरु तेग बहादूर नगर झाले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीत जवळच्या स्थानकाचे नाव अक्षरशः लिहिलेले असेल, तर शेकडो ओळी दुरुस्त कराव्या लागतील आणि एखादी राहून गेली तर एकाच शाळेच्या दप्तरात एका स्थानकाची दोन नावे नांदतील. स्थानकांचा तक्ता वेगळा ठेवून विद्यार्थ्याच्या ओळीत केवळ स्थानकाचा संकेतांक लिहिल्यास बदल एकाच ठिकाणी होतो. तक्ते अशा रीतीने विभागण्याच्या शिस्तीला नॉर्मलायझेशन म्हणतात. तिचे पहिले तीन टप्पे कॉड यांनीच घालून दिले. तिसऱ्याहून अधिक कडक असा एक टप्पा त्यांच्या व रेमंड बॉइस यांच्या नावाने ओळखला जातो.

विरोध व स्वीकार

या कल्पनेला पहिला अडथळा त्यांच्याच कंपनीचा झाला. आयएमएसपासून आयबीएमला चांगले उत्पन्न होते, त्यामुळे तिला प्रतिस्पर्धी उभा करण्याची घाई कोणाला नव्हती. १९७४ मध्ये कॉड आणि जाळीदार रचनेचे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन यांच्यात जाहीर वादविवाद झाला. बाकमन यांना आदल्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता. तक्त्यांची पद्धत व्यवहारात फार संथ ठरेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. सॅन होजेतील सिस्टिम आर आणि बर्कली विद्यापीठातील इंग्रेस या प्रकल्पांनी तो खोटा ठरविला.

सिस्टिम आरसाठी डोनाल्ड चेंबरलिन व बॉइस यांनी घडविलेली भाषा पुढे एसक्यूएल झाली. तिच्यात एकच ओळ दोनदा येऊ शकते, हे कॉड यांना मान्य नव्हते. सिद्धान्ताच्या जनकाची भाषा जगाने स्वीकारली नाही, सिद्धान्त मात्र स्वीकारला, असा हा विचित्र योग आहे. आयबीएमच्या आधी, १९७९ मध्ये, ओरॅकलने अशी प्रणाली बाजारात आणली. आयबीएमची डीबी२ त्यानंतर चार वर्षांनी आली. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

उत्तरायुष्य

पुढे जो तो विक्रेता आपल्या मालाला रिलेशनल म्हणू लागला. तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी खऱ्या रिलेशनल प्रणालीची कसोटी म्हणून बारा नियम प्रसिद्ध केले. शून्यापासून मोजल्यास ते तेरा भरतात. सर्व नियम काटेकोरपणे पाळणारी प्रणाली विरळाच. रिकाम्या जागेच्या प्रश्नावर त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांच्याशीही मतभेद झाले. देवघेवीत परतीची तारीख कोरी असेल, तर पुस्तक परत आले नाही की नोंद करायची राहिली, हे कळत नाही. अशा अज्ञात मूल्यांसाठी नल ही खूण असावी, असे कॉड यांचे मत होते. डेट यांना ती मुळातच नको होती. हा वाद आजही मिटलेला नाही. १९९३ मध्ये माहितीच्या विश्लेषणावर त्यांनी सहलेखकांसह लिहिलेल्या निबंधामागे एका विक्रेत्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

फ्लॉरिडातील विल्यम्स आयलंड येथे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. डेटाबेस संशोधकांच्या सिगमॉड या संघटनेने २००४ मध्ये आपल्या नवसंशोधन पुरस्काराला त्यांचे नाव दिले.