लुई ब्रेल : आपल्या बांधवांचा वाटाड्या

फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळ कूव्हरे नामक खेडे आहे. तेथे एका खोगीर करणाऱ्या कारागिराच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल जन्मास आला. तीन वर्षांचा असता बापाच्या दुकानात खेळताना आरी लागून त्याचा एक डोळा गेला. जखम चिघळून दुसराही गेला.

त्या काळी असल्या मुलाच्या कपाळी बहुधा भीकच लिहिलेली असे. परंतु गावचे धर्मगुरू पालुई यांनी खटपट करून त्यास गावच्याच शाळेत डोळस मुलांबरोबर बसविले, आणि केवळ ऐकून शिकणारा हा मुलगा कोणास मागे राहिला नाही. पुढे १८१९ साली तो पॅरिस येथील अंधांच्या शाळेत गेला.

तेथील पुस्तकांत डोळसांचीच अक्षरे उठावदार छापलेली असत. ती बोटांनी वाचण्यास फार वेळ लागे, व लिहिणे तर जवळजवळ अशक्यच. बार्बिए नामक लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची लिपी काढली होती. पण तिचे अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. बोटास काय हवे हे लुईस स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. पंधरा वर्षांच्या वयात त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली, आणि १८२९ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला.

तरी डोळस अधिकाऱ्यांस ती रुचली नाही. ह्या लिपीने अंध लोक इतरांपासून तुटतील, असे त्यांस वाटे. १८४० नंतर नव्या संचालकांनी तिला शाळेत मनाई केली. परंतु विद्यार्थ्यांनी ती सोडली नाही. ते गुपचूप तीतच लिहीत राहिले. अखेर १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात तिचे प्रयोग सर्वांसमक्ष दाखविण्यात आले. लुई ६ जानेवारी १८५२ रोजी वारला. १८५४ साली फ्रान्सने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली. आज तिच्याच सहा टिंबांत आमची मराठीही वाचली जाते.

वाचकहो, पालुई यांनी दार उघडले हे खरे. पण वाट दाखविली ती अंध मुलानेच. आपल्या गावच्या शाळेत अंध वा अपंग मूल येईल, तेव्हा त्यास नुसती जागा देऊन आम्ही थांबू नये. त्यास काय हवे हे त्यालाच विचारावे, त्याचे म्हणणे मानावे, आणि वेळ येताच त्याच्या हाती खडू द्यावा.