मॅरियनने लढाई सोडली नाही

सकाळी पोळ्या लाटताना माझा एफएम रेडिओ चालू असतो. बाहेर विजा कडाडल्या तरी गाण्यात खरखर नाही. लहानपणी आमच्या मोठ्या रेडिओवर वीज चमकली की नुसती कडकड व्हायची. हा फरक घडवला एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने. चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग वेगळा बरं का!

हा जन्मला १८९० मध्ये न्यूयॉर्कला. १९१२ मध्ये, कॉलेजात शिकत असतानाच, त्याने एक युक्ती काढली. दुरून येणारी रेडिओलहर अगदी क्षीण असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या नळीतून मोठी होऊन बाहेर पडलेल्या लहरीचा थोडा भाग त्याने पुन्हा आत सोडला. ती आणखी मोठी झाली, असं करत हजारो पटींनी. लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर गेला की कुईंऽऽ होतं ना, तोच प्रकार, फक्त काबूत ठेवलेला.

आता ही ताकद येते कुठून? अ‍ॅम्प्लिफायर स्वतः काही निर्माण करत नाही. आपण नळाची तोटी बोटाने जराशी फिरवतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी धो धो येतं. बोट म्हणजे क्षीण लहर, टाकी म्हणजे विजेचा पुरवठा. प्रक्षेपण केंद्रातही अँटेनाच्या अलीकडे असाच एक दांडगा अ‍ॅम्प्लिफायर असतो.

जुन्या पद्धतीत आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असे. ती उंची बिघडू नये म्हणून तोटी सतत अर्धवट, जपून फिरवायची. त्यात पुष्कळ वीज उष्णता होऊन वाया जाई. शिवाय आकाशातली वीज नेमकी उंचीच बिघडवते. आर्मस्ट्राँगने उंची कायम ठेवली आणि आवाज लहरींच्या कमी-जास्त वारंवारतेत भरला. हेच एफएम, पेटंट १९३३ चं. आता अ‍ॅम्प्लिफायरने झोपाळ्याला देतात तसा दर झोक्याला एक धक्का द्यायचा, बाकी वेळ गप्प बसायचं. वीज वाचते ती अशी.

त्याची बायको मॅरियन. आरसीए या रेडिओ कंपनीतले बडे साहेब डेव्हिड सार्नॉफ यांची ती सेक्रेटरी होती. १९२३ मध्ये लग्न झालं तेव्हा नवऱ्याने भेट काय दिली, तर हातात धरून नेता येईल असा रेडिओ! पुढे त्याच आरसीएशी त्याचं बिनसलं. १९४५ मध्ये सरकारने एफएमची जागाच बदलली, लोकांनी घेतलेले संच निकामी झाले. १९४८ मध्ये पेटंटसाठी तो कोर्टात गेला आणि पैसा पाण्यासारखा वाहू लागला.

१९५३ च्या नोव्हेंबरात त्याने मॅरियनकडे म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे मागितले. ती नाही म्हणाली. रागाच्या भरात त्याने तिच्या हातावर शेकोटीची सळई मारली. माणूस कितीही हुशार असो, यावर मी पांघरूण घालणार नाही. ती बहिणीकडे निघून गेली. दोन-तीन महिन्यांत, तिची क्षमा मागणारं पत्र मागे ठेवून, त्याने आयुष्य संपवलं.

कुणीही म्हटलं असतं, जाऊ दे बाई, पुरे झालं. मॅरियनने दावे सोडले नाहीत. १९५४ संपायच्या आत आरसीएने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करून लढत राहिली. शेवटची मोटोरोला. तो निकाल तिच्या बाजूने लागला तेव्हा १९६७ उजाडलं होतं, नवऱ्याला जाऊन तेरा वर्षं झाली होती.